तुम्ही विचारलंत म्हणून: सायकल चालवायला फ्रान्सला कशाला?

"ताई, सायकल चालवायला एवढ्या लांब कशाला? आपल्याकडे रस्ते नाहीत का?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय, बागेवर सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्यानेही विचारलाय. त्याला जोडून दुसरा येतोच: "वाइन तर घेत नाही, आणि द्राक्षं घरचीच आहेत. मग तिथे जाऊन परत द्राक्षंच बघायची?" तीन वेळा जाऊन आले, येत्या मेमध्ये चौथ्यांदा जाणार आहे. आजवर "हवा छान असते हो" म्हणून वेळ मारून नेली. हवा छान असतेच. पण ते उत्तर नव्हतं.

आधी वाटेचं सांगते. फ्रान्समधल्या बर्गंडी या द्राक्षांच्या प्रांतातल्या बोन गावाहून दक्षिणेला सांतनेपर्यंत साधारण 22 किलोमीटरची एक वाट द्राक्षबागांमधून जाते. पोमार, वोल्ने, मुर्सो, प्युलिनी अशी गावं लागतात. गाड्यांचा मोठा रस्ता खाली सपाटीवरून जातो, ही वाट वरच्या उतारावरून. मुळात ती बागवाल्यांच्या ट्रॅक्टरची वहिवाट, आपल्याकडच्या शिवरस्त्यासारखी. त्यावर सायकली, पायी चालणारे आणि बागेत काम असलेल्यांची वाहनं, एवढंच. गावात शिरलं की गल्ल्यांमधून थोड्या गाड्या भेटतात. गाड्या अजिबात नाहीत असं मी म्हणणार नाही. वेली जेमतेम कमरेइतक्या, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास. मांडवाखाली मान वर करून काम करण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना ती अजून न वाढलेली लागवड वाटेल. पण त्या उतारांवर मठांतल्या साधूंनी मध्ययुगात बागा जोपासल्या. प्रत्येक तुकड्याला नाव, हद्द आणि कित्येक ठिकाणी दगडी भिंत. अशा 1,247 तुकड्यांना 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. आमच्या घरीही 'विहिरीची बाग', 'खालची पट्टी', 'आंब्याचं वावर' अशीच नावं आहेत, म्हणून मला त्याचं नवल कमी आणि जिव्हाळा जास्त वाटला.

दुसरी वाट त्याच्याही दक्षिणेला, जिव्री ते क्लुनी, 44 किलोमीटर. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर 1997 मध्ये केलेली, फ्रान्समधली अशी पहिलीच. रूळ काढले, डांबर घातलं, स्टेशनांच्या इमारती राहिल्या. रेल्वेला उभा चढ सोसत नाही, त्यामुळे ही वाट गुडघ्यांनाही सोसवते. क्लुनीचा मठ 910 सालचा. पुढे माकों शहराकडे जाताना दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, तो हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात. वटवाघळांनाही कुणी त्रास देऊ नये अशी व्यवस्था असलेला रस्ता. मला तिथे रडू आलं होतं, आणि का आलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

2019 च्या फेब्रुवारीतला रविवार. आम्ही दोघी पावणेसहाला निघालो, नाशिक-दिंडोरी रस्त्याने. मी आमच्या सायकलींच्या गटातली जुनी, ती वर्षभरापूर्वी सुरू केलेली. माझी शाळेपासूनची मैत्रीण. माझ्याच आग्रहाने तिने सायकल घेतली होती. ती कडेच्या पांढऱ्या पट्टीच्याही बाहेर, खडीवरून चालवायची. मला ते पटत नसे. मी सगळ्या नवख्यांना सांगायचे, कडेला दबून चालाल तर गाड्या आणखी दाबतील, आपली जागा धरा, रस्ता आपलाही आहे. त्या दिवशीही सांगितलं. मागे वळून म्हटलं, "अगं, आत ये. घाबरतेस काय?"

ती आत आली.

त्यानंतर चार-पाच मिनिटंच गेली असतील. हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर पिकअप आणि टेम्पोंची रांग. मला मागून आवाज आला. आधी हॉर्न नाही. आधी प्लास्टिकचे क्रेट एकमेकांवर आपटतात तो आवाज. तो मी लहानपणापासून ऐकत आलेय, आमच्या खळ्यावर दर हंगामात तोच असतो. म्हणून बहुतेक मी दचकले नाही. मग धप्प झालं आणि रिकामे क्रेट माझ्या बाजूने रस्त्यावरून घसरत पुढे गेले. एक माझ्या पुढच्या चाकाला लागून थांबला. त्यात एक सुकलेला घड चिकटलेला होता. मी आधी तो क्रेट बाजूला केला, सायकल स्टँडवर लावायला गेले, तिला स्टँडच नाही हे लक्षात आलं, आणि मग मागे पाहिलं. एवढा वेळ मी मागे का पाहिलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

ती शुद्धीवर होती. "माझा पाय कुठंय?" असं विचारत होती. पाय होता. कंबरेचं हाड आणि मांडी मोडली होती. पिकअपवाला पळाला नाही, हे सांगायला हवं. पोरगेलासा मुलगा होता, रात्रभर जागलेला. त्यानेच क्रेट फेकून देऊन मागे जागा केली, आम्ही तिला त्यातूनच नेलं. वाटेत तो एकच वाक्य बोलत होता: "त्या एकदम आत आल्या हो."

ते खरं नव्हतं. ती चार-पाच मिनिटं आतच होती. पण आत मी आणलं होतं.

तीन शस्त्रक्रिया झाल्या. ती आज चालते, काठी घेऊन. सायकल तिने भाच्याला दिली. मला एका शब्दाने बोलली नाही. मी विषय काढला तर म्हणते, "तू सांगितलंस ते बरोबरच होतं गं, नियमात तसंच आहे." नियमात तसंच असेल. मी तेव्हा जे छातीठोकपणे सांगायचे ते चूक होतं असं मला अजूनही म्हणवत नाही; रस्ता आपलाही आहे. फक्त हे वाक्य आता मी कुणाला म्हणत नाही.

मी पुन्हा चालवू लागले, पण ते चालवणं नव्हतं. सगळा जीव मानेच्या मागे यायचा. समोर काय आहे ते दिसायचंच नाही, मागून काय येतंय तेवढंच ऐकू यायचं. लोक म्हणाले, पहाटे जा, आतल्या रस्त्याने जा, व्यायामाची सायकल घरी आण. सगळं केलं.

2022 च्या मेमध्ये मुलीने बळेबळे नेलं. पोमार सोडून वोल्नेच्या चढाला लागलो, मुलगी पुढे. मागून इंजिनचा आवाज आला. माझे हात ब्रेकवर आवळले गेले, एक पाय टेकला आणि पुढे जाता येईना की उतरता येईना. तो बागेतला ट्रॅक्टर होता, तिथले असतात तसा उंच, वेलीची ओळ पोटाखाली घेऊन चालणारा. चालवणाऱ्याने हॉर्न दिला नाही. बऱ्याच अंतरावर थांबला आणि इंजिन बंद केलं. बंद केलं, म्हणजे चावीच फिरवली. मग खाली उतरून भिंतीला टेकून उभा राहिला. पाच मिनिटं असतील, जास्तही असतील. वाऱ्यात पानं हलत होती, खालच्या ओळींत बायामाणसं वाकून फेलफूट, म्हणजे नको असलेले फुटवे, काढत होती, फुटवा बोटाने खुडल्याचा टिचकीएवढा आवाज मला ऐकू येत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या कानांना समोरचं काही ऐकू आलं.

म्हणून द्राक्षांतच जाते. वेल दिसली की माझं डोकं कामाला लागतं: काडी किती ठेवली, पालवी कशी आहे, भुरी आलीय का. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या मुळावरच्या किडीने तिथल्या बागा संपवल्या, तेव्हापासून त्या अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या असतात. आमची बागही डॉगरिजवर, तीही अमेरिकीच खुंटं. तिथल्या खोडावर कलमाची गाठ दिसली की मला घरचंच माणूस भेटल्यासारखं होतं. आणि डोकं तिकडे गुंतलं की मान सैल पडते. वाइनचा यात काही संबंध नाही.

पैशांचं म्हणाल तर हो, जातात. दोन वर्षं साठवते. विमानाने सात हजार किलोमीटर जाऊन सायकल चालवायची हे विसंगत आहे, हेही मान्य. आणि "पळून जाता" असं माझा भाऊ म्हणतो, त्यालाही माझ्याकडे सरळ उत्तर नाही. दिंडोरी रस्त्याला कडेची वाट व्हावी म्हणून मी सह्या गोळा केल्या, अर्ज दिले, देत राहीन. पण ती होईपर्यंत मी वाट बघत बसू का? मी त्रेपन्न वर्षांची आहे. जुनी मी म्हणाली असती, इथेच लढ. तिला मी काय सांगू? ती तेव्हा पुढे चालत होती, मागून काय येतंय ते तिला माहीत नव्हतं.

त्या रेल्वेच्या वाटेवर गेल्या खेपेला तीन चाकी सायकलवर एक बाई दिसल्या, पाठ टेकून बसायची तसली. सीटमागे काठी अडकवलेली होती. मी फोटो काढून मैत्रिणीला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलली, भाचा दहावीला आहे म्हणाली, आणि ठेवता ठेवता विचारलं, "त्या रस्त्यावर मागून काही येत नाही ना गं?"

मी म्हटलं, क्वचित ट्रॅक्टर येतो.

"बघू," म्हणाली.