ती अजून चालते का?

दसऱ्याला आमच्याकडे कोयती, विळे, पहार यांच्या शेजारी पाटावर बंदूक ठेवतात. मुंबईचा पाहुणा हळदकुंकू लावलेल्या त्या लांबलचक नळीकडे बघतो आणि विचारतो, "ही अजून चालते का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. चालते.

ठासणीची आहे, म्हणजे दारू नळीच्या तोंडातून ठासून भरायची; आजोबांच्या वेळची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. एरवी कुलपात असते. डुकरं भातात उतरली की गोळी न घालता नुसत्या दारूचा बार आभाळाकडे काढायचा, एवढंच तिचं काम.

गोळी मात्र मी ओतताना पाहिली आहे. आजोबा पागाच्या, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याच्या, जुन्या जाळ्याचं शिसं साठवायचे. अंगणात तीन दगडांची चूल, त्यावर लोखंडी पळी. शिसं 327 अंशांना वितळतं हे मी शाळेत शिकलो. आजोबा त्यात हीर, म्हणजे माडाच्या पातीची काडी, बुडवायचे, करपला की झालं. मग मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, भपकन जाळ व्हायचा, वर आलेली मळी काढली की खालचं शिसं आरशासारखं चमकायचं. साचा थंड असेपर्यंत गोळ्या सुरकुतलेल्या निघत, त्या परत पळीत जात. आम्हा पोरांना पायरीच्या खाली उतरायची बंदी होती, कारण पाण्याचा एक थेंब पळीत पडला तरी शिसं उसळतं. ओल्या हाताने जवळ गेलो म्हणून मी एकदा मार खाल्लाय.

पण आजोबांचा खरा वारसा म्हणजे गजावरची, दारू ठासायच्या लांब सळईवरची, खाच. नळी रिकामी असली की गज त्या खाचेपर्यंत आत जातो. भरलेली असली की तेवढा बाहेर राहतो. बंदूक हातात घेतली की आधी नळीत गज सोडायचा, मग बाकीचं.

सोळाव्या वर्षी मी तेच विसरलो. संध्याकाळी बाबांनी भरून ठेवलेली, रात्री मी घाईत परत दारू ओतली, काथ्याचा बोळा ठासला. केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, लावणार, तेवढ्यात बाबांनी कंदील वर केला. खाच वीतभर बाहेर होती. ते एक शब्द बोलले नाहीत. नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि सकाळी गजाला मळसूत्र लावून दोन्ही बोळे माझ्याकडूनच उपसून घेतले. दुपारचे बारा वाजले. जेवताना आईने विचारलं, तेव्हाही गप्प.

आणि हो, बार काढल्यावर त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, खोबरेल फिरवायचं. दारूची राख ओल धरते. आमच्या हवेत सकाळपर्यंत तांबेरा चढलाच.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. 2024 साली दोनदा गेली. लोकसभेला काजूच्या हंगामात, आणि विधानसभेची आचारसंहिता लागली 15 ऑक्टोबरला, दसऱ्याची झेंडूची माळ अजून सुकायची होती आणि भात कापायला आलेलं. डुकरांना आचारसंहिता नसते. डबे वाजवत बसलो, तरी भाताचे खालचे दोन कुणगे गेले.

परत आणली त्या दिवशी ओटीवर बसून आधी गज सोडला. खाचेपर्यंत गेला. मग फडकं फिरवलं, ते विटकरी होऊन बाहेर आलं. तिसऱ्या फडक्याला पांढरं निघालं.