मेथीची जुडी कोणाच्या हाताची?

माझ्या कागदावर 'सहायक व्यवस्थापक' लिहिलंय. गावात 'मॅनेजरीण' म्हणतात, तेही हसत. औसा तालुक्यातलं तीन एकर काळं रान, बचत गटाच्या सतरा जणींनी ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या भाड्यानं, घेतलेलं. मोठ्या मॅनेजर ताईंकडं आणखी दोन गावं आहेत, म्हणून आमच्याकडं फक्त मंगळवारी येतात. बाकी सहा दिवस वही माझ्याकडं.

थ्री फेज लाइट आठवडाभर रात्रीची असली की बॅटरी घेऊन बोअरवर जायचं, खारींनी कुरतडलेल्या ठिबकच्या नळ्या जोडायच्या, हे सगळीकडंच असतं. आमच्यात भांडण लागलं ते जुडीवरून.

पालेभाजी बाजारात किलोवर नाही, शेकड्यावर जाते. शंभर जुड्यांचा भाव. आणि जुडी केवढी? बांधणारीचा हात असेल तेवढी. आमच्या मावशींचा पंजा रुंद, त्यांची जुडी माझ्या मुठीत मावत नाही. दुसरी एक आहे (नाव नाही सांगत, ती हे वाचणार), तिची जुडी म्हणजे चिपाड. काढणीची मजुरी मात्र जुड्या मोजून. त्यात आडतीवर वरच्या चार बारीक जुड्या उचलून बघतात आणि सगळ्या मालाचा भाव पाडतात.

"माझ्या एका जुडीत हिच्या दोन बसतेत," मावशी म्हणाल्या. "मग पैसे हिलाच जास्त कामून?"

मी दोघींच्या दहा-दहा जुड्या काट्यावर ठेवल्या. मावशींच्या सव्वातीन किलो, हिच्या दोनलाही कमी. पण प्रत्येक जुडी काट्यावर टाकत बसलो तर टेम्पो निघून जाईल. मग कुणीतरी म्हणालं, बांगडीतून देठं काढा, बांगडी भरली की जुडी झाली. आता बांगडी कोणाची? मावशी म्हणे दोन-आठची, ही म्हणे दोन-चारची. दोन-सहाची प्लॅस्टिकची बांगडी सुतळीला बांधली आणि लिंबाच्या फांदीला टांगली.

पंधरा दिवस बरं चाललं. मग पाऊस झाला. मेथीला अठ्ठावीस दिवस झालेले, आणखी ठेवली तर निबर होईल म्हणून रान सुकून वाफसा यायच्या आधीच मी उपटायला लावली. चूक माझीच. मुळांना एवढा चिखल आला की बांगडी मातीनंच भरायला लागली. धुतली तर सकाळपर्यंत पानं काळी पडली, दोनशे जुड्या अर्ध्या भावात गेल्या. ताईंना वहीत तसंच लिहून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता चष्मा पुसला.

आता कोथिंबीर आलीय. धने चपलेखाली रगडून मीच पेरले होते. तिचं देठ बारीक, दोन-सहाच्या बांगडीत ढीगभर बसते, तेवढी दिली तर परवडत नाही. काल मावशींनी नातीची बांगडी आणली. मागोमाग नात रडत बांधापर्यंत आली. वहीत आज पहिल्या ओळीत लिहिलंय: बांगडी एक, हिरवी, परत द्यायची आहे.