रोज दोन टक्के!

आज मावसभाऊ आला तो मोबाइल पुढे करतच. "दादा, रोज दोन टक्के. खाली फक्त पाच जण जोडायचे." पैसा गुंतवतात कुठे? "क्रिप्टो, ट्रेडिंग वगैरे." त्या 'वगैरे'पुढे काही नाही, कमिशनचा तक्ता मात्र सात पायऱ्यांचा!

कॅल्क्युलेटर काढला. रोज दोन टक्के चक्रवाढीने १० हजारांचे वर्षात १ कोटी ३७ लाख होतात. (मग हे लोक बँकेतून कर्ज काढून स्वतःच का नाही कमवत?) आणि प्रत्येकाने पाच जोडले, तर बाराव्या पायरीला २४ कोटी माणसं लागतात. अख्ख्या महाराष्ट्रात तेवढी नाहीत.

"पण मला पैसे मिळालेत ना!" मिळणारच, ते नंतर आलेल्यांचे असतात. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या (दागिन्यांच्या दुकानाआडून जादा परताव्याचं आमिष दाखवणारी कंपनी) बंद दुकानापुढे जमलेल्यांपैकी अनेकांनाही आधीचे हप्ते मिळाले होते. म्हणून तर त्यांनी नातेवाईक आणले.

शिवाय अशा साखळीत माणसं ओढणं अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८च्या कायद्याने गुन्हा आहे. हे ऐकून गडी जरा नरमला. म्हटलं, उरलेले पैसे आत्ताच काढ. तर ॲप म्हणतं, 'आधी टॅक्स भरा.' भरू दिला नाही. सरळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला.