वजनकाट्याची ओळ

मंगळवार, रात्री

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर पडलेल्या रुग्णांसाठीच्या धोरणाच्या मसुद्यातली, घरी वजनकाटा द्यायची ओळ गेली. "काटा ज्याचा तो घेईल. धोरणात असल्या गोष्टी नसतात," म्हणत साहेबांनी पेन फिरवलं आणि पान उलटलं. बाकी मसुदा मान्य. डिस्चार्जनंतर १४ दिवसांच्या आत फेरतपासणी, चारही औषधं, सगळं जसंच्या तसं राहिलं. मीनाताई म्हणाली, अगं, पेढे वाट. मला जेवणसुद्धा गेलं नाही.

अपमान म्हणावा, तर कुणी वाईट बोललं नाही. राग आहे, पण नुसता राग नाही.

हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी आधी साठतं, दम मागाहून लागतो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर तो इशारा. तेव्हाच डॉक्टरांना विचारून लघवीवाटे पाणी काढणारी गोळी वाढवली, तर पुष्कळदा ॲडमिट व्हायची वेळ येत नाही. गगनबावड्याकडून भर पावसात, रात्री, धाप लागलेला माणूस कोल्हापूरपर्यंत आणणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं? तरी मी सांगितलं. आवाज चढला असावा.

देशातल्या ५३ रुग्णालयांच्या हार्ट फेल्युअर नोंदणीत दहा हजारांवर रुग्ण होते. त्यातले १४ टक्के ९० दिवसांत गेले. हा आकडा मी प्रत्येक सादरीकरणात ठेवते, आणि दर वेळी बाबांचं ते... जाऊ दे.

आता औषधांचंही तेवढं अवघड राहिलेलं नाही. त्या चारातल्या डापाग्लिफ्लोझिनच्या जेनेरिक गोळ्या आल्या, २०२३ मध्ये साक्युबिट्रिल-व्हालसार्टनचं पेटंट संपलं. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, बायपास होतो. माणूस घरी गेला की मग त्याच्याकडे बघायचं कुणी? त्या एका ओळीत हेच होतं. पुणं सोडून आले ती असल्याच कामासाठी, आणि एक काटा मिळवता येऊ नये. खूप एकटं वाटलं आज.

आठच्या सुमाराला राधानगरीकडच्या काकूंचा फोन आला. आशाताईंचा नंबर हवा होता. काकांचं वजन बघता का, विचारलं. "बघतो की. सोसायटीच्या खताच्या काट्यावर उभा करतो त्यास्नी. भाचा गाडीवरनं न्हेतोय." सोमवारी सव्वा किलो जास्त भरलं म्हणूनच नंबर हवा होता. मिठाचं म्हणून लोणचं बंद केलंय, हेही सांगितलं.

फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. साहेबांचं सगळंच चूक नाही. गावोगाव काटे आहेत, सोसायटीत, अंगणवाडीत. पण भाचा नसेल त्या घरी काय? धाप लागणाऱ्या माणसाने रोज सोसायटीपर्यंत चालायचं? नाही, काटा घरात हवाच. हे मला आजही तितकंच पटतंय.

उद्या मसुदा परत पाठवायचाय. वजनाचा तक्ता डिस्चार्ज कार्डाच्या मागे छापायला परिशिष्टात घालते. त्याला खरेदी लागत नाही. काट्यांचे पैसे पुढच्या पीआयपीत, म्हणजे आरोग्य अभियानाच्या खर्चाच्या आराखड्यात, आशांच्या साहित्याखाली मागता येतील का, हे सकाळी मीनाताईला विचारते. तिला खर्चाची शीर्षं पाठ आहेत.