वजाबाकी

अनंत चतुर्दशीच्या नाईटची ड्युटीलिस्ट लावताना आमच्याकडे आधी कोण कुठे राहतं ते बघतात. अनुभव, शिक्षण वगैरे नंतर. आमचं हॉस्पिटल पेठांना लागून आहे. दुपारनंतर लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता सगळे बंद. धायरीची किंवा हडपसरची स्टाफ आली तर आली. उरतात हॉस्टेलवरच्या मुली, आणि हॉस्टेलवरच्या म्हणजे नवीनच. लातूर, नांदेड, सोलापूरहून आलेल्या, मार्कशीटची घडीही अजून मोडलेली नसते.

मी लेबर रूमला आहे, एकोणीस वर्षं. गेली तीन वर्षं प्रीसेप्टरही आहे, म्हणजे नव्या नर्सेसच्या सपोर्ट प्रोग्रॅममध्ये एकेक मुलगी माझ्या पदराला बांधतात. प्रोग्रॅम कागदावर बारा आठवड्यांचा आहे. पहिले सहा आठवडे मुलगी 'नंबरात' धरायची नाही. बाहेरच्यांना याचा अर्थ कळणार नाही म्हणून सांगते. ड्युटीवर चार नर्सेस हव्यात तर ती पाचवी. तिनं बघायचं, विचारायचं, माझ्या बाजूला उभं राहून करायचं. प्रोग्रॅमचं सगळं मर्म या एका नियमात आहे. बाकी फोल्डर, स्वागताचं गुलाबाचं फूल आणि पहिल्या दिवशीचा वडा-सांबार यांना माझ्या लेखी किंमत नाही. न्यूझीलंडमध्ये २००७ पासून नव्या मिडवाइफला, म्हणजे शिकलेल्या सुईणीला, पहिलं वर्षभर अनुभवी मिडवाइफ मेंटॉर म्हणून मिळते. वर्षभर! इथे सहा आठवडे म्हटलं तरी तिसऱ्या आठवड्यात मेट्रनच्या ऑफिसातून फोन येतो, "अहो, ती तयार झाली का?"

त्या रात्री दोन स्टाफ पोचू शकल्या नाहीत. माझ्याकडे सोपवलेली मुलगी प्रोग्रॅमच्या चौथ्या आठवड्यात होती आणि नंबरात धरली गेली. तिचं नाव लिहीत नाही. वॉर्डात तिला सगळे 'छोट्या सिस्टर' म्हणायचे, तेच इथे चालवते.

साडेदहाला पहिली ठिणगी पडली. फर्स्ट स्टेजमधल्या एका बाईचं बीपी १३८/८८ आलं. छोट्या सिस्टरनं दहा मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच. तिनं थेट रजिस्ट्रारना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरना, फोन लावला. ते नुकतेच सिझर संपवून चहाला बसले होते. त्यांनी तिला काही म्हटलं नाही, मला म्हटलं. "सिस्टर, एवढ्यासाठी? तुमच्या मुलींना जरा शिकवा." आणि मी ते जसंच्या तसं, वर दोन शब्द स्वतःचे घालून, तिच्या अंगावर ओतलं. "आधी मला विचार. उगाच फोन फिरवत बसू नकोस." ती "हो मॅडम" म्हणाली. तिनं काही चूक केली नव्हती. १४०/९० ला आम्ही सगळेच जागे होतो, ती दोन पॉइंट आधी जागी झाली होती, एवढंच.

खाली ढोल-ताशे असे की लेबर रूमच्या काचा थरथरत होत्या. डॉपलरचा आवाज पूर्ण वाढवूनही बाळाचे ठोके ऐकू येत नव्हते, नुसता स्क्रीनवरचा आकडा बघायचा. एरवी मी ठोके कानानं ओळखते, आकडा नंतर बघते. त्या रात्री कानाचा काही उपयोग नव्हता. हे लक्षात ठेवा.

१ वाजून ४० मिनिटांनी दोन नंबरच्या बाईची डिलिव्हरी झाली. दुसरं बाळंतपण, मुलगा, ३ किलो ६००. कळा मंदावल्या होत्या म्हणून संध्याकाळपासून ऑक्सिटोसिनची ड्रिप चालू होती. ज्या गर्भाशयाला तासन् तास ड्रिपवर राबवलं, ते नंतर थकून ढिलं पडू शकतं, हे मला ठाऊक आहे. त्या वेळीही ठाऊक होतं. बाळ झाल्याबरोबर १० युनिट ऑक्सिटोसिन मांडीत दिलं, वार पूर्ण आली, पोटावर हात ठेवला तर गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं कडक. रक्तस्रावाच्या रकान्यात मी 'अंदाजे २५० मिली' लिहिलं. छोट्या सिस्टरला म्हटलं, "नॉर्मल आहे सगळं. दर पंधरा मिनिटांनी बघत राहा." तिला त्या बाईबरोबर बाहेरच्या ऑब्झर्वेशनच्या खाटांवर सोडलं आणि मी आत दुसऱ्या टेबलाकडे वळले. तिथे पहिलटकरीण होती, डोकं दिसायला लागलेलं. रजिस्ट्रारही तिथेच.

त्या 'अंदाजे' या शब्दाबद्दल थोडं. डोळ्यांनी रक्त मोजणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी फुशारकी आहे. चादरीत, पॅडमध्ये, टेबलाखालच्या बादलीत पाण्याबरोबर मिसळलेलं रक्त बघून आम्ही आकडा ठोकतो, आणि तो बहुतेक वेळा कमीच असतो. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाईच्या कमरेखाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावायची, रक्त त्यात गोळा होतं, खुणेवरून आकडा कळतो, आणि आकडा ठरलेल्या खुणेपुढे गेला की मसाज, औषधं, सलाइन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं. त्या हॉस्पिटलांमध्ये गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे अनर्थ मिळून साठ टक्क्यांनी कमी झाले. आमच्याकडेही त्या पिशव्या आल्या होत्या. एक खोकं स्टोअरमध्ये. डिमांड लिहा, सही आणा, मग मिळणार. मी डिमांड लिहिली नव्हती. माझे डोळे होते ना.

छोट्या सिस्टरकडे पिशवी नव्हती. तिनं काय केलं, तर बाळाचा वजनकाटा ओढून घेतला. प्लॅस्टिकची पिशवी अंथरली, काटा शून्यावर आणला आणि बाईखालची चादर आणि पॅड त्यावर ठेवले. चादर बाळ झाल्यावर बदललेली होती, म्हणजे त्यात गर्भजल नव्हतं. तेवढंही तिनं बघितलं होतं. मग कोरी चादर आणि तेवढेच कोरे पॅड ठेवून वजन घेतलं आणि वजा केलं. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानानं एक मिली. हे कॉलेजात सगळ्यांना शिकवतात, पण प्रत्यक्षात करताना मी कुणाला बघितलं नव्हतं. ग्लोव्हजच्या खोक्याचं झाकण फाडून तिनं त्यावर मांडलं होतं:

१२१५ − ५७५ = ६४०

तिसऱ्या दिवशी ते झाकण मला ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात सापडलं. ही वजाबाकी त्यावर तीनदा लिहिलेली आहे. तिसऱ्या वेळी हातचेसुद्धा वर लिहिलेत, चौथीतल्या मुलांसारखे. पहिल्या वजाबाकीशेजारी वेळ आहे, २.१०.

ती मला सांगायला आली २.२५ ला.

आल्यावर मात्र एका दमात बोलली. "मॅडम, दोन नंबर, डिलिव्हरीला पंचेचाळीस मिनिटं, ब्लीडिंग सहाशे चाळीस, पल्स एकशे बारा, बीपी शंभर-सत्तर, फंडस बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलाय." फंडस म्हणजे गर्भाशयाचा वरचा भाग. रजिस्ट्रार टाके घालता घालता थांबले आणि वर बघितलं. अशी ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, मी दहा-दहा वर्षांच्या सिस्टर्सकडून ऐकलेली नाही. हे वाक्य आम्हीच प्रोग्रॅममध्ये घोटून घेतो, बाहुलीवर.

मी बाहेर धावले. रक्ताची धार नव्हती. धार असती तर कुणीही ओरडलं असतं. पॅडखालून बारीक, न थांबणारं, गरम रक्त सावकाश पाझरत होतं. बाई शुद्धीत होती, फक्त सारखी जांभया देत होती आणि पाणी मागत होती. पोटावर हात ठेवला तर मघाचा चेंडू कुठे गेला होता कोण जाणे, कणकेचा गोळा हाताला लागला. मूत्राशय तुडुंब. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि बाजूला ढकलतं, मग ते आवळत नाही. कॅथेटरचा ट्रे तिनं आधीच उघडून ठेवला होता. कॅथेटर घातला, लघवी साडेसहाशे निघाली. मी मसाज करत होते तोवर तिनं दुसऱ्या हाताला करड्या रंगाची १६ नंबरची सुई पहिल्याच फटक्यात लावली. एवढी जाड सुई अशा बाईला लावताना माझेही हात दोनदा विचार करतात. गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिनची ड्रिप, रक्त थांबवायला एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड सावकाश दहा मिनिटांत, बीपी वाढलेलं नाही याची खात्री करून मेथर्जिन, तेही आवळायलाच. बाईला दमा आहे का, हे रजिस्ट्रारनी विचारायच्या आत छोट्या सिस्टरनं विचारून ठेवलं होतं. नव्हता, म्हणून त्याच कामाचं कार्बोप्रोस्टही देता आलं. तीनच्या सुमाराला हाताखाली गर्भाशय पुन्हा कडक झालं. त्या क्षणाबद्दल मला काही लिहिता येत नाही. ज्यांनी तो हातानं अनुभवलाय त्यांना कळेल.

एकूण रक्तस्राव ११०० च्या वर गेला. तेव्हा अंदाज करायला मी धजले नाही, आम्ही वजनच केलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. रक्तपेढी आमच्याच इमारतीत आहे, नाहीतर त्या रात्री मिरवणुकीतून पिशवी आणायची म्हणजे... जाऊ दे. बाई पाचव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली. तिच्या सासूनं पेढे दिले, रजिस्ट्रारना बॉक्स आणि आम्हाला दोन-दोन. हेही नेहमीचंच.

सकाळी मावशी फरशी पुसताना मला म्हणाल्या, "बाई, ती पोर दोनदा दारात येऊन उभी राहिली होती. तुमचं तोंड खाली होतं. परत गेली."

लेबर रूमच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत बारा पावलं असतील.

मी तिला कॅन्टीनला नेलं. पोहे घेतले, तिनं खाल्ले नाहीत. विचारलं, रागावले नाही, खरंच नुसतं विचारलं, "पंधरा मिनिटं का थांबलीस गं?"

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही नॉर्मल आहे म्हणाला होतात. मला वाटलं माझी वजाबाकी चुकली असेल."

थोड्या वेळानं म्हणाली, "आणि आधी तुम्हालाच विचारायचं होतं ना. तुम्ही बिझी होतात."

यावर मी काय बोलणार? नव्या नर्सला वॉर्डात आल्यावर बसणाऱ्या धक्क्याला अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर या नर्स-संशोधिकेनं १९७४ सालीच 'रिअॅलिटी शॉक' असं नाव दिलं. आमच्या ट्रेनिंगमध्ये त्याची एक स्लाइड आहे. मी ती स्लाइड दाखवते. शाळेत शिकलेलं आणि वॉर्डात चालणारं यांतलं अंतर, असं काहीतरी त्यावर लिहिलंय. त्या रात्री शाळेत शिकलेलं बरोबर होतं आणि वॉर्डात चालणारं मी होते.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. सुपरिंटेंडेंट मॅडमनी छोट्या सिस्टरला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, फोटो ग्रुपवर टाकला, 'सपोर्ट प्रोग्रॅमचं यश' असं खाली लिहून. चौथ्या आठवड्यात तिला नंबरात कोणी धरलं, हा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. काढला असता तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता, कारण तिला नंबरात धरता आलं ते माझ्या सहीमुळे.

प्रोग्रॅमची एक पुस्तिका असते, त्यात बेचाळीस कौशल्यं. प्रत्येकापुढे तीन रकाने: पाहिलं, देखरेखीखाली केलं, स्वतंत्रपणे केलं. तारीख आणि प्रीसेप्टरची सही. तिसऱ्या आठवड्यात इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी क्वालिटीवाल्यांनी पुस्तिका मागितल्या आणि मी एका बैठकीत अकरा सह्या केल्या. त्यात एक होती 'प्रसूतीपश्चात रक्तस्राव (पीपीएच): प्रथम कृती', मधल्या रकान्यात. तिनं ते फक्त बाहुलीवर केलं होतं. कॉलेजातल्या केसबुकांना आम्ही नावं ठेवतो. रेसिडेंटच्या मागे सहावं उभं राहून बघितलेल्या डिलिव्हऱ्या स्वतःच्या नावावर लिहिल्या जातात, आणि तेवढ्यावर मुलीच्या नावापुढे नर्सबरोबर मिडवाइफही लागतं, म्हणून. माझ्या अकरा सह्या त्याच जातीच्या होत्या. ड्युटीलिस्ट करणाऱ्या सिस्टरनं पुस्तिका बघितली, सह्या बघितल्या आणि तिला नंबरात घातलं. तिची चूक मी कशी काढू?

आता बारा आठवडे संपलेत आणि मला तिचं मूल्यमापन भरायचंय. 'संवादकौशल्य: वेळेवर कळवणे' असा एक रकाना आहे, पाचपैकी गुण. दोन दिवस तो कोरा आहे. 'शेरा'साठी एकच ओळ दिलीय.

काल ती स्वतःच पुस्तिका घेऊन आली. मला वाटलं सह्या राहिल्या असतील. तिनं ते पान उघडलं आणि म्हणाली, "मॅडम, हे पीपीएचचं खोडून परत करा ना. आता खरंच केलंय." सूर तक्रारीचा अजिबात नव्हता. तारीख चुकलीय, दुरुस्त करू या, असा. मी क्वालिटीला फोन लावला. खाडाखोड चालत नाही, म्हणाले, झालेली नोंद तशीच राहील.

मी त्या सहीशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात अनंत चतुर्दशीची तारीख लिहून ठेवली आहे. पुढच्या ऑडिटच्या आधी ती खोडावी लागेल.