माळावरची तोड उपग्रहाला का दिसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘आकाशातून गाडीचा रंग दिसतो म्हणता, मग माळावरची झाडं तोडलेली कशी दिसत नाहीत?’ प्रश्न बहुधा टोमण्यासारखा येतो. तर एकदा हिशेबच मांडतो.

गाडी दाखवणारी प्रतिमा विकतची, तीही रोजची नव्हे. दर पाच दिवसांनी फुकट मिळते ती सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची. तिचा पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला एक चौकोनी ठिपका, १० बाय १० मीटर. पुणे-सोलापूरकडच्या माळावर एखाद्या हिवराच्या माथ्याचा व्यास ४ मीटर धरा. त्याने व्यापले साडेबारा चौरस मीटर, म्हणजे पिक्सेलचा आठवा भाग. बाकी कुसळी आणि पवन्या ही गवतं. वाळल्या गवताचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, ०.२ आणि झाडाचा ०.५ धरला, तर झाड उभं असताना पिक्सेल ०.२४ दाखवणार, तोडल्यावर ०.२०. परतीचा पाऊस लांबला तरी एवढा फरक पडतो!

म्हणून पावसाळ्यातल्या प्रतिमा बाजूला ठेवायच्या. तेव्हा ढग असतात आणि गवत झाडाइतकंच हिरवं असतं. गवत वाळलंय पण झाडांवर पाला आहे, असे डिसेंबर-जानेवारी घ्यायचे, ढग वगळून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायचा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघायचा.

यातही वणवा फसवतो. जळका माळ काळा पडला की आकडे धाडकन कोसळतात आणि यंत्र ‘तोड’ म्हणतं. अशा जागेवर लगेच शिक्का मारायचा नाही. पुढचा पावसाळा जाऊ द्यायचा, पुढच्या डिसेंबरात हिरवे ठिपके परत दिसले तर तो वणवाच. पण तोवर खरी तोड झाली असेल, तर लाकूड केव्हाच कोळसा होऊन गेलेलं असतं. ही उशिराची तक्रार रास्त आहे, मान्य.

‘मग रडार वापरा.’ वापरतोच. सेंटिनेल-१ या उपग्रहावरचं रडार ढगांतून पाहतं, पण त्याच्या ५.६ सेंटिमीटरच्या लहरीचा प्रतिध्वनी ओल्या मातीनेही बदलतो. विरळ झाडीत झाड गेलं की माती भिजली, हे एका प्रतिमेवरून सांगता येत नाही. रडारने सुटेल असं मीही म्हणत आलोय, आणि अजून अर्धंमुर्धं म्हणतो.

तयार नकाशे तर दाखवूच नका. लॅन्डसॅट या अमेरिकी उपग्रहांवरून केलेल्या जागतिक वृक्ष-नकाशात ५ मीटरहून उंच तेवढंच झाड. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन, म्हणजे छत्र, १० टक्क्यांखाली गेलं की ते वनाच्छादन नाही, म्हणजे ९ टक्क्यांचं रान साफ झालं तरी वनाच्छादनाचा आकडा जागचा हलत नाही. उलट गवत उपटून तिथे दाट रोपवन लावलं, तर नकाशावर ती वाढ! नांगरट मात्र स्वच्छ दिसते: सरळ कडा, उघडी माती. पण ती ‘तोड’ या रकान्यात भरायची की नाही, यावर आम्हा नकाशे करणाऱ्यांतच एकमत नाही.