तुम्ही विचारलंत म्हणून : सुट्टीत काय वाचू?

एप्रिलमध्ये पोरांच्या परीक्षा संपल्या की हा प्रश्न मला गाठतोच. पूर्वी तो काउंटरच्या पलीकडून यायचा. आता इथं कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरताना येतो, गंगावेशीत दूध प्यायला थांबलो की येतो, परवा तर एका लग्नात जेवता जेवता आला. "काका, सुट्टीत वाचायला चांगली कादंबरी सांगा की." आणि मी तोंड उघडायच्या आत अट : "कौटुंबिक नको हं, रडारड असते. रहस्य पाहिजे." पुढचा माणूस नेमकं उलटं मागतो. "खूनबीन नको. घरातलं काहीतरी सांगा."

राजारामपुरीतल्या एका खासगी वाचनालयात मी एकवीस वर्षं बसलो. आता ते नाही. त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. आमच्याकडं दोन कपाटं समोरासमोर होती. डाव्यावर मी स्वतः चिठ्ठी चिकटवली होती, 'सामाजिक-कौटुंबिक'. उजव्यावर 'रहस्य-भय'. डावीकडं बायका, उजवीकडं कॉलेजची पोरं नि एक रिटायर्ड फौजदार, असा सरळ हिशेब. त्या चिठ्ठ्या लावताना मी माझं आजोळ साफ विसरलो होतो.

आजोळ आजऱ्याच्या बाजूला. मे महिन्यात आम्ही अकरा भावंडं तिथं असायचो. दुपारी घनसाळच्या भातावर आमटी ओरपून झाली की पोरांना माळ्यावर पिटाळायचे, झोपा म्हणून. माळ्यावर धाकट्या मामाचा खजिना होता : बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, कोपरे उंदरांनी कुरतडलेल्या. मी पालथा पडून त्यातल्या झुंजारच्या मागं धावायचो आणि फळ्यांच्या फटीतून खालच्या माजघरातलं बोलणं वर यायचं. मोठी माणसं अगदी हळू बोलायची, त्यामुळं कान आपोआप टवकारले जायचे. एका वर्षी विहिरीकडची पट्टी विकायची ठरली. थोरल्या मामानं गिऱ्हाईक आणलं, इसार ठरला, आणि कागद दाखवायच्या दिवशी ट्रंकेत मूळ खरेदीखतच नाही. कुणी घेतलं? धाकट्यानं? मावशीनं? तो आठवडाभर माजघरात सगळे एकमेकांशी फार गोड बोलत होते. वर माझ्या हातातल्या पुस्तकात खुनी शेवटच्या प्रकरणात सापडला. खाली कुणीच सापडलं नाही. गिऱ्हाईक परत गेलं. पुढच्या मेमध्ये गेलो तर सोप्यात मधोमध भिंत आणि चुली दोन.

आपल्याकडं सुट्टीतच सगळं घर एका छपराखाली येतं, म्हणून वाटणीची बोलणीही उन्हाळ्यातच निघतात. तेव्हा कौटुंबिक का रहस्य, ही निवड मला आता पटत नाही. घरातलं कोण काय पोटात ठेवून बसलंय हे ज्या कादंबरीत लवकर कळत नाही, ती मी सुट्टीसाठी देतो.

आता आपल्याच जिल्ह्याचं बघा. कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' 1959 ची. कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 ची. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 ची. आठ वर्षांत तीन, आणि एक पौराणिक, एक ऐतिहासिक, एक महाभारतातली म्हणून आपण त्यांना हार घालून वरच्या फळीवर ठेवलं. पण आत काय आहे? पहिलीत बाप पोराचं तारुण्य मागतो. दुसरीत चुलता पुतण्याला सुखानं राज्य करू देत नाही. तिसरीत भाऊ भावावर बाण धरतो आणि आईला सगळं ठाऊक असून ती गप्प बसते. तिन्ही घरं आपल्या ओळखीची आहेत, फक्त गादीच्या जागी आपल्याकडं ऊस असतो.

'ययाति' मी मे महिन्यात कॉलेजच्या पोरांना देत नाही. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, ते मान्यच. पण उपमांची गर्दी फार, आणि पंख्याखाली डोळा लागतो. 'मृत्युंजय' मात्र बिनधास्त देतो. जाडी बघून घाबरू नका. कर्ण बोलतो, मग कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण, असे सहा जण आपापली बाजू सांगतात. गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असते. तरी पान उलटावंसं वाटतं, कारण प्रत्येक जण बोलायला लागला की याला किती ठाऊक आहे, आणि ठाऊक असून हा काय दडवतोय, हे आपण ताडत बसतो. फौजदारसाहेबांना मी हे पुस्तक 'साक्षीपुरावा आहे, वाचा' म्हणून दिलं होतं. परत करताना म्हणाले, "कुंतीचा जबाब आधी घ्यायला पाहिजे होता."

2018 साली 'तुंबाड' सिनेमा आला तेव्हाची गंमत सांगतो. दोन पोरं आली, "तुंबाडचं पुस्तक द्या." सिनेमामागं प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, पण नाव घेतलं ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. पोरांना हे कुठलं ठाऊक! मी काही न बोलता खोतांचे दोन्ही खंड त्यांच्या हातात ठेवले. दोन वीटाच त्या. एक जण दुसऱ्या दिवशी परत आला, "यात भूत कुठं आहे?" मी म्हटलं, थांब जरा. दुसरा आलाच नाही. तीन आठवड्यांनी दंड भरून दुसरा खंड घेऊन आला आणि विचारतो, "पहिला आजीकडं आहे, चालेल?" जगबुडी नदीच्या काठी चार पिढ्यांचं घर चढतं, माजतं, सडतं, सावरतं. भूत नाही, पण घराण्याची घमेंड आहे, आणि ती कुणाला कधी झपाटेल सांगता येत नाही. सुट्टीला एकच पुस्तक न्यायचं असेल तर माझं मत यालाच. मात्र आडवं पडून वाचू नका. डोळा लागला तर छातीवर आदळतं. मांडीवर उशी घ्या.

एवढा दम नसेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' घ्या. एका दुपारीत संपते. माणूस नावाला नाही, सगळी वानरं. टोळी कुणाची, माद्या कुणाच्या, पिल्लांचं काय होणार, यावरून जो संघर्ष चालतो तो वाचताना पाणी प्यायला उठवत नाही. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीआधी मी ती चेअरमननाही दिली होती. अजून परत आलेली नाही.

शंकर पाटलांची 'टारफुला' सहसा कुणी मागत नाही, याचं मला वाईट वाटतं. पाटील हे पट्टणकोडोलीचे. लोक त्यांना विनोदी कथांमुळं ओळखतात, म्हणून हसायच्या तयारीनं पुस्तक उघडतात आणि चरकतात. टारफुला म्हणजे जोंधळ्याच्या मुळावर जगणारं तण. दिसायला नाजूक फूल, खाली पिकाचा जीव शोषलेला. कादंबरीत गावचा पाटील जातो, त्याच्याबरोबर धाकही जातो, आणि मोकळ्या जागेत कोण उगवतं ते बघत बसायचं. गावाकडं जाणाऱ्या एसटीत वाचायला याच्यासारखं पुस्तक नाही. आनंद यादवांची 'झोंबी'ही तशीच जवळची, कागलची. एक पोरगा शिकू बघतो आणि बाप त्याला मळ्यात ओढतो, एवढीच गोष्ट. पण हा उद्या शाळेत जाणार का मोटेवर, या धास्तीनं मी रात्रीचे दोन वाजवलेत.

आता उजव्या कपाटाचं. ते मी टाकून देत नाही, माझं वाचन तिथूनच सुरू झालं. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही. आज वाचली तर त्यातले पोलीस फारच भोळे वाटतात, पण वेग बघा! दहावीच्या पोराला मोबाइलवरून उठवायचं असेल तर सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास हाताशी ठेवा. रात्री वीज गेलेली असताना धारपांची 'लुचाई'. ती परदेशी कादंबरीवर बेतलेली आहे हे खरं, म्हणून काही भीती कमी होत नाही. अलीकडचं हवं तर हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल'. एकत्र कुटुंब आणि भय तिथं एकाच घरात नांदतात, आणि ती कुठल्या कपाटात ठेवायची यावरून माझं नि मालकांचं वाजलं होतं.

त्या कपाटाला एक रोग होता. पुस्तक वाचून झालं की कुणीतरी पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहायचं. मी दर रविवारी खोडरबर घेऊन बसायचो. मग एका वाचकानं खोटीच नावं लिहायला सुरुवात केली. तेव्हापासून मी खोडणं सोडलं, कारण लोक आता ते नाव खरं का खोटं हे बघायला पुस्तकं नेऊ लागले.

आणि एक पुस्तक मी मागितल्याशिवाय देतो. पेंडशांचीच 'रथचक्र', 1962 ची. कोकणातलं एकत्र घर. नवरा संसारातून उठून गेलेला. मुलं शिकावीत म्हणून एक बाई त्या घरातून बाहेर पडायचं ठरवते. तिला कादंबरीभर नाव नाही. पैसा कुठून आणायचा, कुणाला काय कळू द्यायचं, कुणाशी गोड बोलायचं, सगळी आखणी डोक्यात, चेहऱ्यावर काही नाही. बँक लुटणाऱ्या टोळीची आखणी हिच्यापुढं पोरखेळ. डाव्या कपाटात होती, आणि कॉलेजच्या एकाही पोरानं कधी हात लावला नाही.

वाचनालय बंद व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती मी थोरल्या मामीला नेऊन दिली. मामा जाऊन बरीच वर्षं झालेली. विहिरीकडच्या पट्टीतल्या उसावर दोन्ही मामेभाऊ शिकले, एक आज पुण्यात इंजिनिअर आहे. मामीचे डोळे अधू, तरी भिंग धरून आठ दिवसांत वाचली. मी आणायला गेलो तेव्हा ती सोप्यात फणसाच्या आठळ्या सोलत होती. त्याच सोप्यात, भिंतीच्या अलीकडं.

"कशी वाटली?"

"धाडसाची बाई." आठळी पातेल्यात टाकत ती म्हणाली, "माझ्यानं काय घर सोडवलं नसतं बाबा. मी आपला नुसता कागद उचलला."

मी तिच्याकडं बघत राहिलो. ती दुसरी आठळी सोलायला लागली होती.

"दुसरं काही आणलंस काय वाचायला?" तिनं विचारलं.